घरचं सॅम्पल

मी लॅबमध्ये काम करतो. नाशिकला, इंदिरानगरात, एका मेडिकल स्टोअरच्या वर पहिल्या मजल्यावर. एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय आणि एकतीस वर्षं त्यांच्यावर वैतागतोय. उपाशी पोटी या म्हटलं की निम्मे चहा घेऊन येतात, आणि विचारलं की म्हणतात, "चहाच तर घेतला, खाल्लं कुठे काय." मग मी बोलतो, आणि जरा जास्तच बोलतो. बायको म्हणायची, "तुम्ही सुईपेक्षा तोंडाने जास्त टोचता." तिला जाऊन या हिवाळ्यात दोन वर्षं झाली. तिच्या जाण्यात माझी चूक किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि त्यातली एक गोष्ट मी आमच्या लेकीपासून लपवून ठेवली होती.

लॅबवाल्यांच्या घरात एक रीत असते. कोणी आजारी पडलं की डॉक्टर नंतर, आधी रक्त. सकाळी कामाला निघता निघता स्वयंपाकघरातच दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं आणि ट्यूब शर्टच्या खिशात टाकायची. ट्यूबवर नाव घालायचं नाही, नुसतं 'घर' लिहायचं. दिवसभराचे पेशंट आटोपले की शेवटी ते सॅम्पल मशीनला लावायचं. रजिस्टरला नोंद नाही, छापील रिपोर्ट नाही. आकडा डोक्यात घ्यायचा आणि घरी येऊन चपला काढता काढता सांगायचा. आमच्याकडे कुणाला 'बरं नाही' असं कधी नसायचंच. हिमोग्लोबिन कमी असायचं, नाहीतर साखर जास्त. लेक लहान असताना शाळा बुडवायला पोट दुखतंय म्हणाली की मी सुई घेऊन तिच्या मागे लागायचो, आणि पोट लगेच थांबायचं.

ही, म्हणजे माझी बायको, पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पन्नाशी ओलांडली आणि हिची बोटं सकाळी आखडायला लागली. आधी वाटलं थंडीने असेल. मग केस बांधता येईनात, मग खडू धरवेना. फळ्यावर लिहायला मुलांनाच उभं करते म्हणाली, तेव्हा मी हिचं रक्त काढलं. आरए फॅक्टर, म्हणजे संधिवाताची रक्तातली खूण, पॉझिटिव्ह आणि सीआरपी चांगलंच वाढलेलं. शरीरात कुठे दाह पेटला की यकृत जे एक प्रथिन रक्तात सोडतं, ते सीआरपी. आमच्या धंद्यात त्या आकड्याला फार मान. वाढलेलं असलं की कुठेतरी गडबड आहे, आणि नॉर्मल असलं की घरी जा, आराम करा.

दोन-तीन वर्षं गोळ्यांवर काढली. फरक पडायचा, पुन्हा जायचा. शेवटी सांध्यांच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा सलाइनमधून एक इंजेक्शन देऊ. हिने विचारलं, "पण ते करतं काय?" हिला सगळं समजून घ्यायचं असायचं, शिक्षिकाच ती. मॅडमनी फाईलच्या पाठीमागे पेनाने दोन गोल काढले.

"शरीराच्या संरक्षणाच्या दोन फळ्या असतात," त्या म्हणाल्या. "पहिली कोण आलंय ते न बघताच धावते. दुसरी शिकलेली असते. टी पेशी आणि बी पेशी. त्या शत्रूला चेहऱ्याने ओळखतात, नेमक्या त्याच्यासाठी अँटीबॉडी बनवतात आणि वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पहिल्या फळीचा निरोप दुसरीकडे जातो तो काही रेणूंमार्फत. त्यातला एक इंटरल्युकिन-सिक्स. तो बी पेशींना सांगतो, अँटीबॉडी बनवा. टी पेशींना सांगतो, सबुरी नको, चिडा. तुमच्या बाबतीत या शिकलेल्या पेशींनी तुमच्याच सांध्यांना शत्रू धरलंय, आणि हा निरोप काही थांबतच नाही."

"म्हणजे घरोघरी जाऊन भांडणं लावणारी बाई," ही म्हणाली.

मॅडम हसल्या. "अगदी तशीच. आपण तिचं तोंड नाही बंद करू शकत, पण ऐकणाऱ्यांचे कान बंद करू शकतो. इंजेक्शन तेवढंच करतं. फक्त एक लक्षात ठेवा. खरंच आग लागली तर ओरडत येणारीही हीच बाई असते. ताप चढवण्यात हिचा मोठा हात, आणि सीआरपी वाढतं ते तर हिच्याच सांगण्यावरून. उद्या न्यूमोनिया झाला तरी कदाचित ताप येणार नाही, सीआरपी नॉर्मलच दिसेल. खोकला, दम, नुसतं गळून गेल्यासारखं वाटलं तरी थांबायचं नाही. सरळ मला फोन."

मी मान हलवली. वर शहाणपणाने म्हणालो, "माहितीये मॅडम, मी लॅबमध्येच असतो." ते वाक्य मला आता दिवसातून एकदा तरी आठवतं, बहुतेक वेळा दाढी करताना.

दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शननंतर ही बदलली. एका रविवारी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, इकडे या." मी घाबरून गेलो, तर ही लोणच्याची बरणी हातात घेऊन उभी. झाकण हिने स्वतः उघडलं होतं. ते परत लावून, परत उघडून दाखवलं. मग लेकीला हैदराबादला व्हिडिओ कॉल लावून तिलाही दाखवलं. लेक म्हणाली, "आई, आता पप्पांचं तोंडपण बंद करून दाखव." आम्ही तिघं खूप हसलो.

मीही खूष होतो, पण माझी खुशी वेगळी होती. मी दर महिन्याला घरचं सॅम्पल लावायचो आणि हिचं सीआरपी बघायचो. आधी इतकं वर असणारं ते आता जवळजवळ नाहीसंच झालं होतं. मला वाटायचं, हा आकडा म्हणजे हिची तब्येत. बोटं सुटी झाली ते खरंच होतं, पण आकडा गप्प बसायला ते एकच कारण नव्हतं. निरोप ऐकायचे कान आपणच बुजवलेत, तेव्हा हा आकडा आता काहीही झालं तरी वर यायचा नाही, हे मला पाठ होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर मी बरोबर लिहिलं असतं. पण इतक्या वर्षांची डोळ्याची सवय असते. पडद्यावर नॉर्मल दिसलं की आपला खांदा आपोआप सैल होतो.

त्या डिसेंबरात नाशिकला थंडी कडक होती. सोसायटीत ज्याच्या त्याच्या घरातून खोकला ऐकू यायचा. शनिवारी हिला खोकला सुरू झाला. रविवारी ही दुपारभर झोपून राहिली. ही दुपारी झोपणारी बाई नव्हती. मी थर्मामीटर लावला, ताप नाही. सोमवारी सकाळी ओट्याजवळच्या स्टुलावर बसवून रक्त काढलं. हात पुढे करून ही म्हणाली, "इतकी वर्षं माझं रक्त नेताय, एकदा तरी छापील रिपोर्ट द्या की. बाहेरच्यांना देता. मी काय 'घर' आहे का?"

"तूच तर घर आहेस," मी म्हणालो. असलं काही मी सहसा बोलत नाही. ही लाजली आणि मग खोकली.

संध्याकाळी मशीनवर आकडा आला. सीआरपी नॉर्मल. पांढऱ्या पेशी थोड्या कमी, पण त्या या इंजेक्शनने कमी होतातच. मला काय हुक्की आली कोण जाणे, मी हिचं नाव टाकलं, वय टाकलं, पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या रकान्यात 'सेल्फ', म्हणजे स्वतःहून आलेली, असं टाकलं आणि लॅबच्या चांगल्या कागदावर रिपोर्ट छापला. खाली माझी सही केली. घरी येऊन चपला न काढताच हिच्या हातात दिला. हिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "सेल्फ. वा." मग फ्रीजवर द्राक्षांचा घड असलेलं एक चुंबक होतं, त्याखाली तो लावून टाकला.

मी म्हटलं, "काही नाही, सर्दी-पडसं आहे. आल्याचा काढा घे." आणि मॅडमना फोन केला नाही. मंगळवारी ही शाळेत गेली. बुधवारीही गेली. बुधवारी रात्री जेवली नाही, म्हणाली भूक नाही. मी पुन्हा थर्मामीटर लावला, पुन्हा ताप नाही. गुरुवारी सकाळी ही पलंगावर बसून चपला घालत होती आणि एक चप्पल घालून थांबली. दुसरी घालायला वाकताच येईना. मी बघितलं तर ओठ निळसर.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी. तिथल्या रक्तातसुद्धा सीआरपी नॉर्मलच आलं, आणि तिथला तरुण डॉक्टर तो कागद उलटसुलट करून बघत राहिला. तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"शनिवारपासून."

"मला फोन का नाही केलात?"

"ताप नव्हता," मी म्हणालो. रक्त तपासलं होतं, हे मी सांगितलं नाही. मॅडम तडक आत गेल्या. ही नऊ दिवस होती, त्यातले सात दिवस श्वासाची नळी घातलेली. दहाव्या दिवशी गेली.

नंतर एकदा मी मॅडमना विचारलं, सोमवारीच आणलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." त्या चांगल्या बाई आहेत. सांगता येत नाही याचा अर्थ वाचली असती असाही होतो, आणि मी तोच धरून बसलो.

हिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. शाळेतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, वंदना झाली, हिच्याबद्दल चार जण चांगलं बोलले. सगळे गेल्यावर लेकीने फ्रीजकडे बघत विचारलं, "पप्पा, ताप अजिबात नव्हता का?" मी म्हणालो, "नव्हता." रिपोर्ट मी हॉस्पिटलमधून आल्या दिवशीच काढून फाईलमध्ये खोल घातला होता. फ्रीजवर नुसतं चुंबक राहिलं होतं. लेकीने पुढे काही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मग सगळं सुरळीत चालू झालं, म्हणजे मी एकटा राहायला लागलो. सकाळी एक कप चहा करायला पातेलं नेहमीचंच घेतो आणि पाणी दरवेळी जास्त पडतं. लॅबमध्ये जितका वेळ काढता येईल तितका काढतो. स्लाइड पुसतो, पुसलेल्या परत पुसतो. लॅबच्या मालकीणबाई म्हणतात, घरी जा आता. घरी जाऊन काय करू? चपला काढता काढता सांगायला कुणी नाही. मला एकटं वाटतं, फार वाटतं, आणि हे मी कुणाला बोललेलो नाही. लेक रोज साडेसातला फोन करते. जेवलात का? जेवलो. बीपीची गोळी? घेतली. तिकडे पाऊस आहे का? नाही. एवढं झालं की दोघंही थोडा वेळ नुसते फोन धरून असतो, मग ती म्हणते, ठेवते.

लॅबमध्ये मी एकच गोष्ट बदलली. रक्त काढण्याआधीच्या फॉर्मवर एक ओळ घातली, 'कुठलं इंजेक्शन चालू आहे?' मालकीणबाई म्हणाल्या, फॉर्मवर जागा नाही. मी म्हटलं, पत्त्याची ओळ कमी करा, पत्ता कोण बघतं. आमचं भांडण झालं आणि शेवटी ओळ आली. बहुतेक लोक ती रिकामीच सोडतात.

या जानेवारीत नामपूरहून एक जोडपं आलं. साठीकडे झुकलेले नवराबायको. नवरा कांद्याचा शेतकरी, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. बाई भिंतीला टेकून. गावच्या डॉक्टरांनी सीआरपी आणि सीबीसी लिहून दिलं होतं, आणि दुसऱ्या कामाने नाशिकला आलेच होते म्हणून रक्त इथे देत होते. फॉर्मवरची ती ओळ रिकामी. त्या दिवशी गर्दी होती, मीही विचारायचा राहिलो. दुपारी रिपोर्ट तयार झाला. सगळं नॉर्मल. मी सही केली, नवऱ्याच्या हातात दिला.

तो खूष झाला. "नॉर्मल शे ना, भाऊ?"

"नॉर्मल आहे."

"मंग बरं. ताप बी नही तिले. नुसता खोकला शे. आते गावले जातस आम्ही."

बाई उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला, आणि मला तिची बोटं दिसली. टोकाला वाकलेली, एका बाजूला झुकलेली. ती नवऱ्याला काही सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच श्वास घ्यायला थांबली. पुन्हा दोन शब्द बोलली, पुन्हा थांबली.

ते जिना उतरत होते. मी सुई ट्रेमध्ये टाकली आणि तसाच धावलो. "ओ काका, फाईल दाखवा," मी म्हणालो. तो म्हणाला, कोणती फाईल? मी म्हणालो, "सांध्यांची. बाईंचे सांधे दुखतात ना? कुठलं इंजेक्शन चालू आहे?" त्याने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. तेच नाव. तेच इंजेक्शन, महिन्यातून एकदा, सलाइनमधून. मी त्याच्या हातातला रिपोर्ट काढून घेतला आणि खिशात कोंबला. मी म्हणालो, "हा रिपोर्ट मला काही सांगत नाही आणि तुम्हालाही सांगत नाही. गावाला जायचं नाही. चला माझ्याबरोबर." माझा आवाज चढला असणार, कारण खाली मेडिकलवाला बाहेर आला. नवरा म्हणाला, "पण नॉर्मल शे सांगं ना तुम्ही." मी म्हणालो, "चुकलं माझं."

रिक्षात त्यांना घेऊन मी मॅडमकडे गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दवाखान्याचा जिना चढलो. एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली डाग होता. मॅडम म्हणाल्या, वेळेत आलात, आजच ॲडमिट करू. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" मी खिशातला कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणालो, "असाच एक मी घरी दिला होता, मॅडम. त्या सोमवारी." त्यांनी कागद वाचला. मला बसायला सांगितलं आणि पाणी मागवलं.

आठवड्याभराने लॅबच्या फोनवर नामपूरहून फोन आला. "घर उनी, भाऊ," तो म्हणाला, म्हणजे घरी आली. "भाकर करी राहिनी." मागे कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला, तिचाच असावा. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की मी सुट्टी घेऊन घरी आलो. ही बातमी जिला सांगायची ती घरात नव्हती. मी चपला काढल्या आणि दारातच उभा राहिलो.

साडेसातला फोन वाजला. "जेवलात का, पप्पा?"

"नाही अजून. तुला एक सांगायचंय." मी उभ्याउभ्याच सांगितलं, बसलो असतो तर सांगणं झालं नसतं. "आईचं मी रक्त काढलं होतं. सोमवारी. सीआरपी नॉर्मल आलं म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं नाही. या इंजेक्शनवर ते नॉर्मलच येणार, हे मला माहीत होतं. तरी."

ती म्हणाली, "मला माहितीये."

"कसं?"

"आईने फोन केला होता. मंगळवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत."

"मग तू दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले," ती म्हणाली. "आणि मी तरी काय केलं, पप्पा? मी पण म्हटलं, पप्पांनी बघितलंय म्हणजे ठीकच असेल. मीच फोन करायला हवा होता मॅडमना. आई म्हणत होती, जिना चढवत नाही, आतून काहीतरी बरं नाही. मी म्हटलं, मग पप्पांना सांग."

"मला नाही सांगितलं तिने."

"नाही सांगणार होती ती." लेक रडायला लागली. "म्हणाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा रिपोर्ट छापून आणलाय गं त्यांनी, नावासकट. किती खुशीत होते. आता कुठल्या तोंडाने सांगू, मला बरं वाटत नाहीये म्हणून."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. ती रडत होती, आणि मी फोन कानाला घट्ट धरला होता.

"ठेवू नकोस," मी म्हणालो.

"नाही ठेवत," ती म्हणाली.